धोंडुबाईचा वाल आणि उणे दोन

मानवजातीच्या इतिहासात असा एखादाच दिवस उगवतो, ज्याच्यानंतर जग पूर्वीसारखं राहत नाही. गोपाळमामाच्या मते तो दिवस गुरुवारी उगवला. गुरुवारी त्याच्या क्लासला सुट्टी असते, त्यामुळे इतिहासाची मोठीच सोय झाली.

"प्राचीन बीजगणित!" मामा ओरडला. "आणि तेही पेणच्या इतक्या जवळ!"

पेणच्या इतक्या जवळ म्हणजे गडबच्या मागच्या एका शेताच्या बांधावर, कमरेएवढ्या काळ्या दगडासमोर. भात केव्हाच कापून झालं होतं आणि मागे राहिलेल्या ओलीवर पेरलेला वाल शेतभर पसरला होता. मामाच्या एका बाजूला नाताळच्या सुट्टीत ठाण्याहून आलेली त्याची भाची स्पृहा उभी होती. ती आठवीत होती. तिच्या मागे तिचा धाकटा भाऊ निमिष होता. तो पाचवीत होता आणि कायम भुकेला होता. दुसऱ्या बाजूला दिशा. शेत तिच्या आत्याचं, धोंडुबाईचं होतं. दिशा गडबहून पेणला मामाच्या 'अचूक क्लासेस'मध्ये येत असे. बांधावरचं गवत कापताना हा दगड उघडा पडला, तेव्हा त्यावर गणित लिहिलंय ही बातमी तिनंच मोठ्या उत्साहानं सरांना दिली होती.

दगडावर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: ३क + ६.

"मामा, शिलालेख कोरलेला असतो ना?" स्पृहा म्हणाली. "हा तर रंगवलाय."

"परंपरेचा पुढचा टप्पा!"

"ऑइलपेंटनं?"

"चुना आहे तो. प्राचीन चुना असाच चकाकतो." मामानं वाळकी काटकी घेतली आणि मातीत सपासप गणित मांडलं. मामा गणित मांडताना त्याला अडवणं हे धावत्या एसटीला हात करण्याइतकंच उपयोगाचं असतं. "तीन क अधिक सहा बरोबर शून्य. तीन क बरोबर उणे सहा. क बरोबर उणे दोन! सुटलं! आता उणे म्हणजे काय? संख्यारेषा आठवा! उजवीकडे अधिक, डावीकडे उणे!"

सगळ्यांनी डावीकडे पाहिलं. डावीकडे वाल होता.

"दोन काय, मामा?" निमिषनं विचारलं.

"दोन म्हणजे दोन!"

"पण फूट, मीटर की किलोमीटर?"

मामानं इकडेतिकडे पाहिलं. बांधावर एक बांबू पडलेला होता. "बांबू," तो म्हणाला. "प्राचीन काळी बांबूनंच मोजत. इथून डावीकडे दोन बांबूंवर जमिनीखाली एक गणितशाळा आहे. परवा शनिवारी सकाळी जेसीबी येईल. आजूबाजूचंही जरा मोकळं करून घेऊ. शाळा म्हटलं की पटांगण आलंच!"

शेताच्या कडेला धोंडुबाई हात जोडून उभी होती. "साहेब, शेंगा भरल्यात वो. निघूं द्या की तेवढ्या."

"काळजी करू नका, बाई! हे विज्ञान आहे!" मामा म्हणाला आणि टेप उलगडत वालात शिरला.

दिशानं स्पृहाला बाजूला ओढलं. तिचा चेहरा पार उतरला होता. "आत्याला वाटतंय सर जमीन घ्यायला आल्यात. रस्त्याच्या टायमाला असंच झाल्यालं. दगडावर पांढरा आकडा आला की जमीन गेली, हितं लहान पोरालाही ठाव हाय."

"मग सांग ना तिला, तो क्लासवाला आहे म्हणून!"

"सांगितलं ना. ती म्हनते, टेप घेऊन येतो तो सरकारच." दिशानं ढेकळाला लाथ मारली. "वरसाचं बिरडं या वालातनं निघतं. पुढल्या साली पेरायचं बीसुद्धा यातनंच. शनवारी समदं जानार! आनि सरांना दगड दाखवला कुनी? मी! लय हुशार ना मी!"

स्पृहा मातीतल्या त्या 'बरोबर शून्य'कडे टक लावून पाहत होती. ते तिनं आधी कुठंतरी पाहिलं होतं. मग तिला आठवलं, आणि तिचे कान गरम झाले. सहामाहीच्या पेपरात! एक बैजिक राशी दिलेली होती आणि तिची किंमत काढायची होती. स्पृहानं तिच्यापुढे 'बरोबर शून्य' लिहून ती धडाक्यात सोडवली होती. बाईंनी शून्याला लाल गोल करून शेजारी एवढंच विचारलं होतं: "शून्य कुणी दिलं?"

रात्री जेवताना तिनं विषय काढला. "मामा, दगडावर बरोबरचं चिन्हच नाहीये."

"ते गृहीत असतं."

"आणि शून्य?"

"तेही. बीजगणितात पुढे काही लिहिलेलं नसलं की शून्य समजायचं. सोडवल्याशिवाय सोडायचं नाही, हे आमच्या क्लासचं ब्रीद आहे."

श्यामलामामी शांतपणे पोळ्या वाढत होती. "तुम्हाला किती वाढू? उणे दोन?"

"चेष्टा करू नकोस. उद्या पेपरात नाव येईल."

"तेच म्हणतेय मी," मामी म्हणाली.

शुक्रवारी सकाळी मामा क्लासला गेला आणि मुलं पहिल्या एसटीनं गडबला आली. दिशा थांब्यावरच उभी होती. स्पृहानं मामीचा मोबाइल आणला होता. त्यात काल काढलेला दगडाच्या अक्षरांचा फोटो होता.

"हा क बघ. त्याची शेपटी केवढी लांब आहे! वर जाऊन गोल वळलीय. असं अक्षर कुणाचं असेल तर लगेच ओळखू येईल."

दिशानं फोटो जवळ घेतला, लांब धरला आणि एकदम किंचाळली. "चल गो!"

ती धावत सुटली ती थेट गावच्या जुन्या शाळेपाशी. भिंतीवर फिकट झालेली वाक्यं होती: 'कचरा कुंडीतच टाका.' 'एकमेकां मदत करा.' भिंतभर क होते आणि प्रत्येक क ला तीच वळलेली शेपटी!

"महिपती गुरुजींचं अक्षर!" दिशा धापा टाकत म्हणाली. "आत्याच्या वेळचे मास्तर. आता रोह्याला लेकीकडं असतात."

"म्हणजे प्राचीन माणूस अजून जिवंत आहे?" निमिषनं विचारलं.

रोह्याला जायचं विचारायला मामीला घरच्या लँडलाइनवर फोन केला. तिनं दोनच प्रश्न विचारले: काही खाल्लं का, आणि परत कधी येणार. मग म्हणाली, "जा. आणि तुमच्या मामासाठी एखादं उत्तर मिळालं तर घेऊन या. त्यांच्याकडे फार झालीयेत, पण बरोबर एकही नाही."

रोह्याला गुरुजींचं घर सापडायला काही त्रास पडला नाही. अंगणातल्या प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या रंगात सूत्रं लिहिलेली होती. तुळशीवर वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं. गुरुजी पायरीवर बसून जास्वंदीच्या कुंडीवर काहीतरी रंगवत होते.

"गुरुजी," स्पृहानं एका दमात विचारलं, "३क + ६ म्हणजे किती?"

"मला काय विचारतेस? क किती ते तू सांग."

"ते आम्हाला माहीत नाही."

"मग तोवर ते ३क + ६ च." गुरुजींनी कुंचला झटकला. "राशी आहे ती. तिला सोडवायचं नसतं. ती काही अडकलेली नाही."

"पण आमच्या मामानं सोडवली! उणे दोन आलं," निमिष म्हणाला.

"त्यानं आपल्या मनातलं समीकरण सोडवलं. दगडावरचं नव्हे. तराजू पाहिलायस? समीकरणाला दोन पारडी लागतात आणि मध्ये बरोबरचा काटा. इथे एकच पारडं आहे. एका पारड्याचा तराजू कुठं झुकलाय, कसं सांगणार?"

दिशाला राहवेना. "गुरुजी, पन तुमी ते आमच्या बांधावर कशापायी लिवलंत? उद्या सकाळी जेसीबी येनार हाय!"

गुरुजी विचारात पडले. बराच वेळ पडले.

"आठवत नाही," ते म्हणाले.

"नाही?"

"बदली व्हायच्या आधी शाळा रंगवून एक डबा उरला होता. तेव्हा मी गावभर लिहीत सुटलो होतो. कुठं काय लिहिलं, देव जाणे." मुलांचे चेहरे बघून ते जरा वरमले. "एक मात्र सांगतो. समीकरण मी दगडावर लिहिलं नसतं. एकदा सुटलं की त्याचं काम संपलं, पुसून टाकायचं. राशी पुन्हा पुन्हा वापरता येते. दर वेळी नवा क घालायचा, नवी किंमत घ्यायची. तेव्हा त्या बांधावर पुन्हा पुन्हा काय होत होतं, ते शोधा."

परतीच्या एसटीत दिशा खिडकीला डोकं टेकून बसली होती. नागोठण्याच्या पुढे हायवेवर गाडी खोळंबली. बाहेर एका टपरीवर पाटी होती: 'पोपटी मिळेल'.

"पोपटी म्हणजे काय गं?" निमिषनं विचारलं. "पोपटाची करतात?"

"येडा हाय काय तू! वालाच्या शेंगा!" दिशा पहिल्यांदाच हसली. "मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, मंग शेंगा, बटाटे, अंडी भरायची. पान्याचा थेंब नाय. तोंडाशी पुन्यांदा पाला कोंबायचा, मडकं शेतात उलटं ठेवायचं आनि भवताली पेंढा पेटवायचा. थंडी पडली, शेंगा भरल्या, की दरसाल लावतात."

"दरसाल?" स्पृहा ताठ बसली. "म्हणजे पुन्हा पुन्हा! आणि भांबुर्डी म्हणजे ते उग्र वासाचं झुडूप? तुझ्या बांधावर तेच माजलंय ना?"

"दगडाच्या भवती तर लय!"

"आणि दगडाची मागची बाजू! मला वाटलं, दगडच काळा आहे. पण हात लावला तेव्हा बोटं काळी झाली होती. काजळी होती ती, दिशा!"

गाडी हलली, पण आता कुणाचं तिकडे लक्षच नव्हतं.

"क म्हणजे माणसं," स्पृहा भराभर बोलू लागली. "किती माणसं येणार ते आधी कुठं माहीत असतं? म्हणून क! माणशी तीन… तीन काय?"

"मुठी! शेंगा मुठीनंच घालतात."

"माणशी तीन मुठी शेंगा. पण हे सहा कशाला? कुणी आलं नाही तरी सहा मुठी?" तिनं धुळकट खिडकीवर बोटानं लिहिलं. "३क + ६ म्हणजे तीन गुणिले, कंसात क अधिक दोन. म्हणजे जेवढी माणसं येतील, त्यांच्यापेक्षा दोघं नेहमीच जास्त. ही दोघं कोण?"

दिशा उठून उभीच राहिली. कंडक्टर ओरडला, "ए पोरी, खाली बस!"

"राखणदार!" दिशा त्याच्याहून मोठ्यानं ओरडली. "शेताचा राखणदार देव असतो ना, त्याचा वाटा पयला काढतात! आनि दुसरा शेताच्या मालकिणीचा! किती का मानसं येईनात, ह्ये दोन वाटे सुटत नायत!"

गडबला उतरल्याबरोबर तिघं धोंडुबाईकडे धावली. ती वालात बसून, उद्याच्या आत निघतील तेवढ्या शेंगा एकटीच खुडत होती.

"पोपटी? गुरुजी होते तवा हितंच लागायची की," ती म्हणाली. "गुरुजी गेले आनि पोरं पांगली. पन त्या दगडाचं ते सरकारी हाय ना?"

"नाही हो आत्या!" तिघं एका सुरात ओरडली. धोंडुबाईनं विश्वास ठेवला नाही. पण तिनं माळ्यावरचं मडकं काढून दिलं.

शनिवारी सकाळी मामा क्लासचा फळाच घेऊन आला. मामी मोबाइलवर त्याचं भाषण टिपणार होती. गावातली रिकामी माणसं जमली होती आणि डोलवीकडून आलेला जेसीबी बांधाशी घरघरत उभा होता. चालवणारा मिथुन वरून म्हणाला, "सर, कुठं खणू तेवढं सांगा. डिझेल जळतंय."

"उणे दोन बांबू!" मामा म्हणाला.

"उणे खणायचं? म्हंजे भर घालायची काय? माती कुठंय?"

लोक हसले. मामा रागानं फळ्याकडे वळला. जेसीबीच्या दातांपासून वालाची पहिली ओळ हातभर लांब होती आणि तिच्यापुढे धोंडुबाई पदर तोंडाला लावून बसली होती.

"मामा, आधी दगडावरचं फळ्यावर लिही ना," स्पृहा म्हणाली. "अगदी जसंच्या तसं. लोकांना लांबून दिसत नाहीये."

मामाला लोकांना दिसत नाही हे सहन होत नसे. त्यानं झोकात लिहिलं: ३क + ६ = ०.

"जसंच्या तसं?" निमिष पुढे झाला आणि त्यानं आपला वडापावचा तेलकट पंजा फळ्यावर ठेवला. पंजाखाली '= ०' दिसेनासं झालं. "हे दगडावर नाहीये!"

लोकांनी दगडाकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, परत दगडाकडे पाहिलं.

"अरे, ते गृहीत—"

"शून्य कुणी दिलं?" स्पृहानं विचारलं. हा प्रश्न कुणाला तरी विचारायला मिळावा म्हणून ती सहामाहीपासून थांबली होती.

फळ्यावर जे उरलं होतं ते मामानं पुन्हा वाचलं. बऱ्याच वर्षांत तो फळ्यावरचं काही वाचत असल्याचं हे पहिलंच दृश्य होतं.

"पण मग… हे सोडवायचं कसं?"

"सोडवायचंच नाही. समीकरण काहीतरी म्हणत असतं, की हे आणि ते सारखं. ही राशी काहीच म्हणत नाहीये. कुणीतरी क आणून देईल म्हणून नुसती उभी आहे." मग तिनं काजळी दाखवली, भांबुर्डी दाखवली आणि पोपटीची हकिगत सांगितली. "तुझं उणे दोन घालून बघ, मामा. उणे दोन माणसं आली, तर शून्य मुठी शेंगा लागतील. उत्तर चुकलेलं नाही. पण तेवढी माणसं आणायची कुठून?"

मिथुन एवढा हसला की त्याचा हात घसरून हॉर्न वाजला.

"ऐकायला बरं वाटतं," मामा कसाबसा म्हणाला, "पण पुरावा?"

"लावून बघू की!" दिशानं मडकं पुढे आणलं. "मडक्यात काल शेंगा भरून मोजल्या. अठ्ठेचाळीस मुठी बसतात."

स्पृहानं खडू घेतला. निमिषनं पंजा उचलला आणि शून्य पुसून तिथे तिनं अठ्ठेचाळीस लिहिलं. "आता हे समीकरण! कारण आता दुसरं पारडं आलं. तीन क अधिक सहा बरोबर अठ्ठेचाळीस. तीन क बरोबर बेचाळीस. क बरोबर चौदा. एका मडक्यात चौदा माणसं, शिवाय राखणदार आणि मालकीण."

कुणी न सांगता मामानं माणसं मोजली. मालकीण सोडून तेरा भरली, त्यात तो स्वतः आणि मिथुन धरून. तेवढ्यात हायवेकडून एक पांढरी टोपी डुलत आली. महिपती गुरुजी! हातात रंगाचा डबा होता.

"आठवलं!" ते लांबूनच ओरडले. "पोपटी!"

"चौदा," मामा म्हणाला आणि दगडाला टेकून बसला. मग त्यानं हात वर करून मिथुनला खूण केली. जेसीबी बंद झाला. एवढी शांतता पसरली की वालातल्या माश्यासुद्धा ऐकू आल्या.

धोंडुबाईनं पदर तोंडावरून काढला. "म्हंजे जमीन नाय जात?"

"नाही, बाई," मामा म्हणाला. "मी सरकार नाही. मी… क्लासवाला आहे."

"मंग आधी का नाय सांगितलंत?" धोंडुबाई उठली आणि शेंगा खुडायला लागली. "खणून घालवन्यापरीस खाऊन घालवा. बियाचं तेवढं सोडा."

संध्याकाळी मडकं दगडाच्या आडोशाला उलटं लागलं. पेंढा आणायला जेसीबीच वापरला, कारण त्याचं दिवसभराचं भाडं ठरलेलं होतं. गुरुजींनी स्पृहाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! हा फरक वर्गात सांगून मी दमलो. तुम्ही तो शेतात करून दाखवलात!" दिशाचं नाव त्यांनी दगडाच्या पुढच्या बाजूला रंगवायला घेतलं, स्पृहाचं त्याखाली आणि निमिषचं त्याखाली. मामा मनाचा मोठा होता. अंधार पडेपर्यंत तो येणाऱ्याजाणाऱ्याला राशी आणि समीकरण यांतला फरक समजावून सांगत होता, आणि तो आपल्याला आधीपासूनच माहीत होता अशी त्याची खात्री होत आली होती.

दिशानं मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्रर्र आवाज झाला. "झाली!"

मडकं फोडलं. वाफ उठली, भांबुर्डीचा वास पसरला. राखणदाराच्या तीन मुठी दगडाशी ठेवल्या, मालकिणीच्या तीन धोंडुबाईच्या ओटीत घातल्या आणि उरलेल्या चौदा जणांत वाटल्या. प्रत्येकाला बरोबर तीन मुठी आल्या. एक शेंग उरली नाही, एक कमी पडली नाही! टाळ्या वाजल्या. मामीनं ते टिपलं.

धोंडुबाईनं एक शेंग सोलून तोंडात टाकली. सगळे तिच्याकडे बघत होते.

"मीठ?" तिनं विचारलं.

दिशानं स्पृहाकडे पाहिलं. स्पृहानं दगडाकडे पाहिलं. गुरुजींनी रंगाच्या डब्याचं झाकण हळूच लावलं.

दगडावर मिठाचा उल्लेख नव्हता. पोपटी अळणी झाली होती.